आधी धार, मग स्टिक: आइस हॉकी शिकणाऱ्या मुलांच्या स्केटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात टोरंटोजवळच्या मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल या भागातल्या मराठी घरांतली मुलं आता सर्रास हॉकीला जातात. त्यांच्या आई-बाबांनी मात्र लहानपणी बर्फ पाहिला तो फ्रीजमध्ये नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. मीही त्यातलीच. छत्तिसाव्या वर्षी स्केटिंग शिकले आणि गेले सात हिवाळे सर्वांत लहान वयोगटातल्या मुलांना स्केटिंग शिकवायला मदत करते आहे. कपडे बदलायच्या खोलीत लेस बांधता बांधता आणि काचेपलीकडच्या थंड बाकांवर पालक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मुलाला कितव्या वर्षी बर्फावर उतरवावं?

चार-पाच वर्षांचं मूल सूचना ऐकू शकत असेल तर उतरवा. हॉकी कॅनडाचे वयोगट ७ वर्षांखालील गटापासून सुरू होतात, पुढे ९, ११, १३, १५ आणि १८ वर्षांखालील. भारतातून नवव्या-दहाव्या वर्षी आलेल्या मुलांचे पालक उशीर झाला म्हणून काळजीत असतात. माझा अनुभव असा की दहा वर्षांचं मूल पहिल्या महिन्यात पाच वर्षांच्या मुलापेक्षा दुप्पट वेगाने शिकतं, कारण “वजन डाव्या पायावर घे” म्हटलं की त्याला ते कळतं.

आधी स्केटिंगचा वर्ग लावावा की थेट हॉकीत घालावं?

जमलं तर एक हिवाळा नुसतं स्केटिंग. स्केट कॅनडाचा कॅनस्केट हा कार्यक्रम गावोगावच्या क्लबांत चालतो. त्यात पडणं-उठणं, पुढे-मागे जाणं, वळणं, थांबणं टप्प्याटप्प्याने शिकवतात. थेट हॉकीत घातलेलं मूलही शिकतं, पण डोळ्यांसमोर पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, असली की मुलाचं पायाकडे लक्ष राहत नाही आणि पहिल्या वर्षी लागलेली चुकीची सवय मोडायला पुढे दोन वर्षं जातात.

स्केट्स कोणत्या मापाचे घ्यावेत? थोडे मोठे घेतले तर पुढच्या वर्षी चालतील ना?

नाही चालणार, आणि यंदाचं वर्षही वाया जाईल. शाळेचे बूट आपण एक माप मोठे घेतो, तो हिशोब इथे उलटा आहे. हॉकीचे स्केट्स साधारणपणे नेहमीच्या बुटांपेक्षा एक ते दीड माप लहान बसतात. लेस सैल असताना पाय पुढे सरकवा. बोटं टोकाला टेकली की टाचेमागे तुमची करंगळी जेमतेम जावी. दोन बोटं जात असतील तर तो स्केट परत ठेवा. मोजा एकच, पातळ. आजीने विणलेला लोकरीचा मोजा रिंकवरून घरी परतताना घालू द्या. स्केटमध्ये तो घातला की पाय आत हलतो आणि ब्लेडला काय हवंय ते पायाला कळत नाही. वापरलेले स्केट्स घ्यायला अजिबात हरकत नाही, मुलांचे पाय इतके भरभर वाढतात की चांगले स्केट्स अर्ध्या किमतीत मिळतात. फक्त घोट्याशी बूट मऊ पडलेला नाही ना, ते दाबून बघा.

आता एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. नव्या स्केट्सना दुकानातून घेताना बहुधा धार लावलेली नसते. ती वेगळी सांगून लावून घ्यावी लागते. माझ्या मुलाच्या पहिल्या दोन तासांत तो उभाच राहू शकत नव्हता. दोन्ही पाय बाजूला निघून जायचे आणि तो रडकुंडीला यायचा. मी काचेमागून “प्रयत्न कर, प्रयत्न कर” म्हणत होते. तिसऱ्या आठवड्यात एका प्रशिक्षकाने त्याच्या ब्लेडवर नख फिरवलं आणि म्हणाला, हे तर लोणी कापायच्या सुरीसारखं आहे. त्याच दिवशी धार लावली आणि मूल रिंकभर चाललं. म्हणून माझी पहिली विनंती हीच, मुलाला जमत नाही असं ठरवण्याआधी ब्लेड बघा.

धार म्हणजे नेमकं काय? किती दिवसांनी लावायची?

स्केट उलटा करून ब्लेडकडे समोरून बघा. जेमतेम ३ मिलिमीटर रुंदीच्या त्या पट्टीच्या तळाला मधोमध एक पन्हळ असते. त्या पन्हळीच्या दोन कडा म्हणजेच दोन धारा, एक आतली आणि एक बाहेरची. रिंकवर त्यांना इनसाइड एज आणि आउटसाइड एज म्हणतात. स्केटिंगमधलं सगळं काही, म्हणजे ढकलणं, वळणं, थांबणं, दोन्ही पायांच्या मिळून चार धारांपैकी कोणत्या धारेवर वजन आहे यावर ठरतं.

पन्हळ किती खोल, ते त्रिज्येच्या आकड्यात सांगतात. अर्धा इंच हे सर्रास चालणारं माप. आकडा लहान तितकी पन्हळ खोल आणि धार बर्फात जास्त रुतते. आकडा मोठा तितकं घसरणं सोपं. थांबायला शिकणाऱ्या मुलाचं ब्लेड फारच रुतत असेल तर पाच अष्टमांश इंच लावून बघा. आठवड्यातून दोनदा बर्फावर जाणाऱ्या लहान मुलाला महिन्या-दीड महिन्याने धार पुरते. पण ब्लेडवर गार्ड, म्हणजे त्याचं संरक्षक आवरण, न घालता काँक्रीटवर चार पावलं टाकली तर आजची धार आजच गेली. घरी आल्यावर ब्लेड कोरडं पुसा, नाहीतर गंजतं.

घोटे आत वाकतात. पाय कमजोर आहेत का?

बहुतेक वेळा पाय ठीक असतात, बूट मोठा असतो किंवा लेस सैल असते. लेस बांधण्याआधी टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा. बोटांपाशी लेस बेताची, घोट्याच्या वाकाशी सर्वांत घट्ट, आणि अगदी वर पुन्हा जराशी सैल, म्हणजे नडगी पुढे झुकू शकेल. वरपर्यंत करकचून आवळलं तर गुडघाच वाकत नाही.

पहिल्या तासाला काय शिकवता?

पडायला आणि उठायला. पालकांना हे वेळ घालवणं वाटतं. पण पडायची भीती गेलेलं मूल तिसऱ्या तासाला धावायला लागतं आणि न गेलेलं मूल दहाव्या तासालाही कठडा सोडत नाही. गुडघे वाकवून खाली जायचं, बाजूला कुल्ल्यावर पडायचं, मुठी मिटलेल्या. मुठी यासाठी की मागून कुणाचा स्केट आला तर बोटं बर्फावर पसरलेली नसावीत. उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर, मग एक स्केट बर्फावर सपाट, दोन्ही हात त्या गुडघ्यावर आणि वर. हात बर्फावर टेकून उठू देत नाही, कारण पुढे हातात स्टिक येणार असते.

आणि हे सगळं पूर्ण साधनांत. सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेने प्रमाणित केलेलं हेल्मेट, तोंडावर पूर्ण जाळी, गळ्याला नेक गार्ड. यात तडजोड नाही, “आज नुसता सरावच आहे” अशा दिवशीही नाही.

सगळे प्रशिक्षक सारखं “गुडघे वाकव” असं का ओरडतात?

कारण निम्मं स्केटिंग तेवढंच आहे. कबड्डीत चढाई अंगावर येत असताना बचाव करणारा खेळाडू कसा उभा असतो ते डोळ्यांसमोर आणा. गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाठ बऱ्यापैकी ताठ, मान वर, नजर समोर. हॉकीतली उभं राहायची पद्धत जवळजवळ तीच. गुडघा बुटाच्या टोकाच्या वर यायला हवा आणि वजन तळव्याच्या मध्यापासून चवड्यापर्यंत हवं. मुलं गुडघ्याऐवजी कंबरेत वाकतात. मग डोकं पुढे जातं, नजर बर्फात जाते आणि मूल तोंडावर येतं. सरळ पायाने ढकलायला जागाच उरत नाही. पाय लांब होण्यासाठी आधी तो दुमडलेला असावा लागतो.

आधाराला ढकलायची ती फ्रेम द्यावी का?

मी देत नाही. फ्रेमवर भार टाकला की मूल कंबरेत वाकतं आणि तीच सवय जडते. फार घाबरलेल्या मुलाला पहिली दहा मिनिटं माझी स्टिक आडवी धरायला देते. मी उलटी सरकते आणि त्याच्या नकळत पकड सैल करत जाते.

पुढे जायला कोणत्या क्रमाने शिकवतात?

आधी जागच्या जागी पावलं उचलायची, मग तशीच पावलं टाकत पुढे जायचं. तीन पावलं आणि मग दोन्ही पायांवर नुसतं सरकत राहायचं. सरकता सरकता खाली बसायचं आणि उठायचं. त्यानंतर येतो सर्वांत महत्त्वाचा टप्पा, एका पायावर सरकणं. आपल्याकडे लंगडी खेळलेल्या आई-बाबांना हे लगेच कळतं. स्केटिंग म्हणजे एकामागून एक, या पायावर नाहीतर त्या पायावर, तोल सांभाळत उभं राहणं आहे. एका पायावर पाच आकडे मोजेपर्यंत जो सरकू शकत नाही, त्याची पावलं आखूडच पडणार, त्याने कितीही जोर लावला तरी. यासाठी मी भरपूर वेळ देते. डावा, उजवा, गुडघा वर, हात पंखासारखे. मुलांना कंटाळा येतो म्हणून त्याचा खेळ करते, निळ्या रेषेपासून मधल्या लाल रेषेपर्यंत पाय न टेकता कोण जातं?

मग ढकलणं. चालताना आपण पाय मागे रेटतो. ब्लेड सरळ मागे रेटलं तर ते नुसतं घसरतं, कारण लांबीच्या दिशेने त्याला अडवणारं काही नसतं. म्हणून बुटाचं टोक बाहेर वळवायचं, आतली धार बर्फात बसवायची आणि बाजूला ढकलायचं. पाय पूर्ण लांब होऊ द्यायचा. आधी कंबर, मग गुडघा, मग घोटा, आणि शेवटचा झटका अंगठ्याकडून. नंतर तोच पाय बर्फालगत ठेवून अंगाखाली परत आणायचा, अगदी दुसऱ्या पायाच्या शेजारी. हे परत आणणं फार मुलं आणि मोठेही टाळतात. पाय रुंदच ठेवून पळतात. दिसायला भरपूर धावपळ, अंतर थोडं. मुलाच्या पावलांचा आवाज ऐका. टकटकटक येत असेल तर तो बर्फावर चालतो आहे. लांब “सर्रर्र” येत असेल तर तो स्केटिंग करतो आहे.

सुसाट जातो, पण थांबता येत नाही. कठड्यावर आपटून थांबतो.

हा प्रश्न दर हिवाळ्यात सर्वांत जास्त वेळा येतो. आधी येतो स्नोप्लाऊ. पाय रुंद, टोकं एकमेकांकडे, टाचा बाहेर, गुडघे वाकवून बर्फ बाहेर लोटायचा. तो दोन्ही पायांनी आला की एका पायाने. मग हॉकी स्टॉप, म्हणजे दोन्ही स्केट्स एकदम आडवे करून थांबणं.

मुलं समजतात की थांबायचं म्हणजे ब्लेड बर्फात रुतवायचं. रुतवलं की ती उलथतात. खरं तर बर्फ खरवडायचा असतो. एका सहा वर्षांच्या मुलीला हे इंग्रजीत तीन आठवडे सांगून कळेना. सुट्टीत ती मुंबईला जाऊन आली होती. मी तिला कठड्याला धरून उभं केलं आणि मराठीत म्हटलं, “अगं, गोळेवाला बर्फ कसा किसतो? तसा किस.” तिने पाय बाजूला लोटला. पहिल्यांदा नुसता ओरखडा. मी म्हटलं, ब्लेड जरा उभं धर, दाब कमी कर. दुसऱ्यांदा ब्लेडपुढे पांढऱ्या भुग्याची बारीक रेघ उमटली. तिने वाकून ती बघितली आणि पाच मिनिटांत दोन्ही पायांशी किसलेल्या बर्फाचे ढीग लावले. हातात तेवढा बर्फ घेऊन ती काचेपाशी आईला दाखवायला गेली. त्याच तासाला ती कठडा सोडून थांबायला लागली. हाताला किंवा पायाला त्या किसण्याची जाणीव एकदा झाली की बाकीचं सोपं असतं. जरासं वर उठून वजन हलकं करायचं, कंबर वळवायची, आणि खाली बसत किसायचं. खांदे आणि नजर मात्र समोरच.

एक सूचना, दोन्ही बाजूंना शिकवा. प्रत्येक मुलाची एक आवडती बाजू असते आणि दुसरी बाजू ते कायम टाळतं. मी नावडत्या बाजूने दुप्पट वेळा करून घेते.

क्रॉसओव्हर म्हणजे पायावरून पाय टाकणंच ना?

तेवढं डोळ्यांना दिसतं. डावीकडे वळताना उजवा पाय डाव्यावरून पलीकडे जातो, हे खरं. पण वेग खालच्या, डाव्या पायातून येतो. तो बाहेरच्या धारेवर असतो आणि अंगाखालून उजवीकडे ढकलत लांब होतो. मुलं वरचा पाय उचलून नुसता पुढे ठेवतात, खालचा पाय गप्प राहतो. म्हणून पाय ओलांडायला शिकवण्याआधी मी मुलांना वर्तुळावर बाहेरच्या धारेने सरकायला लावते, वर्तुळाकडे झुकून, आतला खांदा न पाडता. बाहेरच्या धारेचीच सर्वांना भीती वाटते, कारण तिच्यावर आपण पडणार असं अंगाला वाटत राहतं. ती भीती जायला दोन-तीन महिने लागले तरी लागू द्या.

कॉनर मॅकडेव्हिडला बघा. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगच्या ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं तो सर्वांत वेगवान ठरला. आपल्याच भागातला, न्यूमार्केटमध्ये वाढलेला. तो सरळ जातानाही मध्ये मध्ये क्रॉसओव्हर घालून वेग वाढवतो. पुढच्या वेळी सामना बघताना पकवरून नजर काढून दोन मिनिटं फक्त त्याचे पाय मुलांना दाखवा.

उलटं स्केटिंग कधी?

पुढे सरकणं आणि स्नोप्लाऊ आलं की लगेच, थोडं थोडं. कठड्याला धरून ढकलून द्यायचं आणि मागे सरकायची सवय करायची. मग एकेका पायाने बर्फावर इंग्रजी सी अक्षर कोरायचं. म्हणून त्याला सी-कट म्हणतात. इथेही खुर्चीत बसल्यासारखं खाली राहायचं. पुढे झुकलं की टोकावर जाऊन पडायला होतं. पुढून मागे आणि मागून पुढे वळणं, म्हणजे पिव्हट, हे दोन्ही दिशा पक्क्या झाल्यावरच.

स्टिक आणि पक कधी द्यायचा?

मुलं हॉकीला येतात ती स्टिकसाठीच. स्टिक हिरावून घेतली तर ती यायचीच बंद होतील. म्हणून मी तासाची शेवटची दहा-पंधरा मिनिटं स्टिक आणि पक देते, अगदी पहिल्या आठवड्यापासून. पण कौशल्य शिकताना स्टिक कठड्याशी ठेवायची. स्टिक हातात असली की मुलं तिचा तिसरा पाय करतात, तिच्यावर रेलतात आणि तोल शिकायचा राहून जातो. थांबणं आणि एका पायावर सरकणं स्टिकशिवाय जमलं, की तेच स्टिक दोन्ही हातांत धरून, आणि मग पकसह. प्रत्येक वेळी थोडं मागे गेल्यासारखं वाटतं. ते तसंच असतं.

पॉवर स्केटिंगचे, म्हणजे हॉकीसाठी जोरकस, वेगवान स्केटिंग शिकवणारे, महागडे वर्ग लावावेत का?

आठ-नऊ वर्षांखाली मी गरज मानत नाही. तोच पैसा सार्वजनिक स्केटिंगच्या वेळांवर घाला, आठवड्यात एक जादा तास नुसतं सरकू द्या. पुढे मात्र चांगला स्केटिंग प्रशिक्षक फार फरक पाडतो, आणि तो हॉकीतलाच असायला हवा असं नाही. पॉवर स्केटिंग हा प्रकार रुजवणाऱ्यांत लॉरा स्टॅम यांचं नाव आघाडीवर आहे, त्यांची सुरुवात फिगर स्केटिंगमधून झाली. बार्बरा अंडरहिल १९८४ साली फिगर स्केटिंगच्या जोडी प्रकारात विश्वविजेत्या होत्या, आणि नंतर टोरंटो मेपल लीफ्ससह एनएचएलच्या संघांना त्यांनी स्केटिंग शिकवलं. फिगर स्केटिंगवाल्यांना धारा कळतात. वर्ग निवडताना एकच बघा, शिकवणारी व्यक्ती मुलाच्या ब्लेडकडे बघते की घड्याळाकडे.

पुण्यात दोन वर्षं रोलर स्केटिंग केलंय. उपयोग होईल का?

खूप. तोल, वाकलेले गुडघे, एका पायावर विश्वास, हे सगळं बरोबर येतं. एका रांगेतल्या चाकांचे स्केट्स वापरले असतील तर क्रॉसओव्हरसुद्धा लवकर जमतो. दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. एक, थांबणं, कारण चाकं आडवी घसरत नाहीत आणि ब्लेड घसरतं. दुसरं, पायाखाली ब्रेक नाही हे पायाला पटवून देणं. फिगर स्केट्सवर शिकलेल्या मुलींचंही असंच. हॉकीच्या ब्लेडला पुढे दाते नसतात. टोकाने ढकलायची सवय असेल तर पहिल्या दिवशी दोन-चार वेळा पडायला होणारच.

सहा आठवडे झाले, काहीच प्रगती दिसत नाही.

दिसत नाही ती बहुधा काचेमागून. रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, त्यात तुमचं मूल एवढंसं. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि सहाव्या आठवड्यात त्याच जागेवरून पुन्हा. काचेवर थापा मारून सूचना देऊ नका. मूल तुमच्याकडे बघतं आणि त्याच क्षणी पडतं. आणि घरी जाताना गाडीत “आज का नाही जमलं?” असं विचारू नका. “आज किती वेळा पडलास?” असं विचारा आणि आकडा मोठा आला की मनापासून कौतुक करा.

आजोबा विचारतात, भारतात हा खेळ खेळतात का?

खेळतात, लडाखमध्ये. हिवाळ्यात तळी गोठली की त्यावर सराव होतो, वर्षातले जेमतेम दोन महिने. त्यातून घडलेल्या मुलींच्या जोरावर २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. आजोबांना हे जरूर सांगा.

डिसेंबरमध्ये महिनाभर भारतात जातोय. सराव बुडेल, काय करावं?

अंगणात लंगडी घाला, रोज, दोन्ही पायांनी. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. घरात गुळगुळीत फरशी असेल तर मोजे घालून गुडघे वाकवायचे आणि एका पायाने बाजूला ढकलून दुसऱ्यावर सरकायचं. वीस वेळा डावीकडे, वीस वेळा उजवीकडे, नजर समोर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. परत आल्यावर पहिल्या तासाला मूल डळमळेल, दुसऱ्या तासाला सावरेल. आणि हो, निघण्याआधी ब्लेड पुसून, गार्ड काढून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. गार्ड चढवलेले महिनाभर राहिले तर आल्यावर गंजच मिळतो.